नवशिक्याने कोणते बाण घ्यावेत

९ ऑक्टोबर

डाव्या हाताने लिहितोय. वाचणाऱ्याने तक्रार करू नये, कारण वाचणारा मीच आहे.

श्रावणात एका सकाळी माझी उजवी बाजू चहाच्या कपासकट खाली आली. पाय महिन्याभरात परत कामावर रुजू झाला. हात अजून रजेवर आहे, आणि त्याच्यामुळे मीही. शाळेने डिसेंबरच्या मध्यापर्यंत मुदत दिली आहे.

आज मुख्याध्यापक भोरहून भेटायला आले. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण खांद्यावर हात ठेवायला उतावीळ. हातात सफरचंदं. म्हणाले, "सर, हजर झालात की तुम्ही ग्रंथालय सांभाळा. हलकं काम. फळ्याचा त्रास नको." मी म्हटलं, मराठी शिकवतो मी, फळ्यावाचून कसं शिकवू? "आणि सहीचंही टेन्शन घेऊ नका," ते पुढे म्हणाले, "आपलं थम्ब मशीन आहेच की."

ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं आणि किल्ली हरवलेलं एक कुलूप. आणि थम्ब मशीन म्हणजे अंगठा. उभी हयात मी पोरांना सांगत आलो की अंगठा लावायची वेळ येऊ देऊ नका. आता अख्खी शाळा रोज सकाळी रांग लावून अंगठा लावते. शिक्षणाने केवढा पल्ला गाठला!

सफरचंदं बायकोने, सरूने कापून आणली. मी हात लावला नाही. तिने बसून सगळी खाल्ली आणि वर म्हणाली, "गोड हायेत. माणूस कसाबी असू द्या."

मला फळ्यावर लिहायचंय. डिसेंबरात हजर होईन ते वर्गात, कपाटापुढे नाही.

१० ऑक्टोबर

भोरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ताटात वाटाणे आणि चवळी मिसळून दिली. उजव्या हाताने वेगळी करा म्हणे. अर्धा तास पडवीत निवडत बसलो. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "हणमंता, निवडून झालं की आमचं सूप पण घिऊन येऊ का?"

ताट अंगणात भिरकावलं. डाव्या हाताने. कोंबड्यांचा सण झाला.

रात्री प्रेरणाचा फोन. लेक पुण्यात कंपनीत आहे. तिच्या ऑफिसात म्हणे जेवणानंतर डार्ट खेळतात. भिंतीवर गोल बोर्ड, हातात तीन छोटे बाण. "बाबा, तीन बोटांत धरायचा, खडूसारखा. मनगट आणि बोटं दोन्ही चालतात. बाईंना विचारलंय मी, त्या हो म्हणाल्या." आणि विचारलंय म्हणजे मागवूनही झालंय.

खडूसारखा म्हणाली म्हणून येऊ दे म्हटलं.

१२ ऑक्टोबर

कालच पार्सल आलं आणि आज दसरा. मी उठायच्या आत सरूने पाटावर विळा, कोयता, माझं पेन आणि ते तीन बाण मांडून हळद-कुंकू वाहिलं होतं. "हत्यारं हायेत, पुजल्याबिगर वापरायची न्हाईत." पासलीची आहे ती, वेल्ह्याकडची, भातशेतीत वाढलेली. तिच्या माहेरी नांगराच्या आधी कुणी नांगऱ्याला नमस्कार करत नाही.

बोर्ड गोठ्याच्या भिंतीवर लावला. मी तिला नियम वाचून दाखवला: बोर्डापासून सात फूट नऊ इंचांवर रेघ. टेप दिला. मला वाकून मोजता येत नाही. तिने टेपचा डबा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "काढते." आत जाऊन चष्मा घेऊन आलो तर रांगोळीची रेघ तयार. वळचणीच्या सावलीत, छान गार. सात फूट वाटतात तेवढे लांब नसतात, हे आज कळलं.

अंगणात रोज सकाळी सडा पडतो, त्यात रेघ जाते. मग दाराची रांगोळी काढून झाली की ती उरलेल्या चिमटीत माझी रेघ काढते. म्हणजे माझा खेळ रांगोळीच्या शिल्लकीवर.

एकही बाण रुतला नाही. सगळे बोर्डाला नाक घासून खाली.

१५ ऑक्टोबर

बाणांची टोकं प्लास्टिकची आहेत! चार दिवस मी स्वतःच्या हाताला शिव्या घालतोय आणि दोष टोकांचा. प्रेरणाला फोन केला. ती म्हणे, "अरेच्चा, ते इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे असतात बाबा. भोकांच्या." मी म्हटलं, मग मला भोकांचं पाठवायचं होतंस, डोक्याला तरी शोभलं असतं. ती हसली. माझ्या आजारपणात या घराला हसू फार येतं.

२० ऑक्टोबर

धनाजी आला. माझा बालमित्र, कापूरहोळला फाट्यावर याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान आणि मागे धाबा. धाब्यावर त्याने पुणेकर पाहुण्यांसाठी डार्टचा बोर्ड टांगलाय. तिथले जाड पितळी बाण पिशवीत घेऊन आला.

"हणम्या, हे धर. हातात वजन लागलं पायजे. म्हातारी आमची तांब्या घ्यायची तर आधी हातावर तोलायची. हलकं लागलं का दुकानदाराच्या बापाचा उद्धार."

"बाण काय पाणी प्यायला घ्यायचाय?"

"तू मार तर!"

मारला. रुतला. बोर्डाच्या अगदी कडेला, पण रुतला. दुसराही. धनाजी ओरडला, "वैनी, चहा टाका, मास्तर शिकारीला निघालं!" मी बाण काढायच्या निमित्ताने भिंतीकडे तोंड केलं. तोंड दिसलं असतं तर धनाजीने ते वर्षभर कापूरहोळात सांगितलं असतं.

२६ ऑक्टोबर

पितळी बाणांनी रोज थोडे थोडे लागतात. तिन्ही बाण बोर्डात, असं दोनदा झालं. हा हात ऐकतोय. डिसेंबर लांब आहे.

३ नोव्हेंबर

दिवाळी. कालपासून बाण पुन्हा खाली पडताहेत. आधी बोर्डाला लागायचे, आता भिंतीला, आणि एक तर गोठ्याच्या दारात. म्हैस माझ्याकडे बघत होती. तिचंही मत ग्रंथालयाच्याच बाजूचं दिसलं.

शिवाय आता उन्हात उभं राहावं लागतं. वळचणीची सावली माझ्यापर्यंत पोचत नाही. ऋतू फिरला, सूर्य सरकला, हे समजतं; पण माझ्याच डोक्यावर का?

७ नोव्हेंबर

काहीच सुधारणा नाही. पंचवीस-तीस वेळा फेकावं तेव्हा चार-पाच लागतात. गेल्या आठवड्यातही तेवढेच. त्याच्या आधीही तेवढेच. म्हणजे हात जिथे होता तिथे बसकण मारून बसलाय. बाण गोळा करायला जाता-येताना हल्ली दमही लागतो. आधी लागत नव्हता. दुखणं पायातही उतरतंय की काय, देव जाणे. सरूला सांगितलं तर म्हणाली, "चालनं हाय ते, चांगलं असतं."

शेजारच्या काकू चांगल्या. त्या निदान तोंडावर बोलतात.

१२ नोव्हेंबर

विचार करून निष्कर्षाला आलोय: दोष पितळाचा आहे. पितळी बाण पहिला आठवडा चांगले लागतात, मग बिघडतात. थंडी पडली की धातू आकसतो, तोल सरकतो. धनाजीला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "हणम्या, पितळ बिघडत न्हाई. पितळेचे देव हायेत घरोघर, ते बिघडलं का?" मी म्हटलं, देवांना कुणी रोज भिंतीवर फेकून मारत नाही.

प्रेरणाने टंगस्टनचे पाठवलेत. सडपातळ, महागडे, काळे. बोटांतून निसटतात. माझ्या बोटांना अजून बारीक वस्तूचा पत्ता लागत नाही. धरलंय की सुटलंय, डोळ्यांनी बघावं लागतं. पहिल्या दिवशीच तिन्हींतला एक म्हशीच्या गव्हाणीत. सरूने वैरण चाळून काढला आणि मला जे सुनावलं ते या वहीत लिहिण्याजोगं नाही. डाव्या हाताला तेवढी ताकदही नाही.

१८ नोव्हेंबर

सदर परत सुरू केलं. भोरच्या साप्ताहिकात माझा आठवड्याचा चिमटा असतो. आजारपणामुळे बंद होता. मी बोलत गेलो, प्रेरणाने पुण्यात टाइप केलं. मथळा: 'नवशिक्याने कोणते बाण घ्यावेत'. प्लास्टिकची टोकं घेऊ नयेत, घ्यायचीच तर ती देणाऱ्याला टोचावीत. टंगस्टन ज्यांची बोटं शाबूत आहेत त्यांच्यासाठी. आणि पितळ हा दगाबाज धातू. आधी लळा लावतो, मग थंडी बघून साथ सोडतो. कापूरहोळच्या एका पितळप्रेमी गृहस्थांचाही उल्लेख केला. नाव दिलं नाही. फाट्यावर दुरुस्तीचं दुकान आणि मागे धाबा, एवढंच दिलं.

बोलताना पहिल्यांदाच जुना मी सापडलो. सरूला वाचून दाखवलं. ती हसायला हवी होती. ती भलतीकडेच बघत होती, अंगणात.

२५ नोव्हेंबर

अंक आला. धनाजीचा फोन आला. संभाषणाचा सारांश: मी कृतघ्न आहे, माझा मेंदूही त्याच बाजूचा गेलाय, आणि त्याचे बाण परत पाठवावेत. त्याच्या धाब्यावर म्हणे दोघा-तिघांनी अंक नाचवत विचारलं, "दगाबाज पितळेची थाळी हितंच मिळती का?"

मी सांगितलं, बाण गव्हाणीत टाकतो, येऊन शोध.

फोन ठेवला आणि पितळी बाणच उचलले. दुसरे आहेत कुठले धरण्याजोगे? तीस वेळा फेकले. पाच लागले.

२८ नोव्हेंबर

मुख्याध्यापकांचा निरोप आला: ग्रंथालयाची कपाटं पुसून ठेवलीत.

तिरडी बांधून ठेवलीय असंच कळवायचं होतं.

५ डिसेंबर

आज जे ऐकलं ते लिहून ठेवतो, नाहीतर मी कुणाचं तरी काही फोडेन.

सरू परड्यात फोनवर बोलत होती. पलीकडे प्रेरणा. सरूचा आवाज: "अगं, रेघ म्या रोज सरकावती की. त्यांना कुठं कळतंय? नाक वर करून मारत्यात." आणि प्रेरणाचं हसू, फोनमधून, अंगणभर.

म्हणजे हे असं आहे. रोज सकाळी सड्याच्या ओलीवर माझी बायको माझ्यासाठी रेघ पुढे ओढते. मास्तरला दोन बाण लागू देत, मास्तर खूश. मला जे चार-पाच लागतात ते मुख्याध्यापकांची सफरचंदंच आहेत! आणि एवढं पुढे ओढूनही माझे बाण वाढत नाहीत. म्हणजे हात सुधारत नाही, उतरतोय. त्या दोघी ते मोजून हसतात.

तिच्याशी बोललो नाही. जेवलो नाही. तिने ताट वाढलं, वाट पाहिली, झाकून ठेवलं. विचारलं नाही काय झालं म्हणून. विचारणार कशाला?

६ डिसेंबर

सरू दळण घेऊन गिरणीत गेली तेव्हा टेप काढला. टेपचं टोक बोर्डाखालच्या खिळ्यात अडकवलं, डबा उजव्या हातात घट्ट धरला आणि पट्टी ओढत मागे मागे गेलो. चार फुटांवर रेघ असेल असा हिशेब होता. चार फूट गेले. तिथे वळचणीची सावली संपत होती, दसऱ्याला मी जिथे उभा होतो तिथेच. रेघ नाही. सहा फूट, नाही. सात फूट नऊ इंच, नियमाची जागा आली. तिथेही रेघ नाही.

रेघ त्याच्याही मागे होती. वीतभर मागे.

मी तिथेच उभा राहिलो. म्हैस बघत होती. सरू पिठाचा डबा डोक्यावर घेऊन फाटकातून आत आली, तिला टेप दिसला.

"मोजलं का?" ती म्हणाली.

"हे काय आहे?"

"रेघ हाय."

"कुठे होती ही पहिल्या दिवशी?"

तिने डबा उतरवला. पायाने सावलीची कड दाखवली. "हितं. लांब काढली असती तर पयला बाण म्हशीच्या डोळ्यात गेला असता. माझी म्हस हाय ती, तुमच्या शाळंची न्हाई."

"आणि मग?"

"मग रोज एक बोट मागं. कदी दोन. तुमी लई चिडला तर त्या दिवशी न्हाई."

मी ओरडलो. गल्लीने ऐकलं असेल. म्हटलं, दोन महिने मी समजतोय हात तिथल्या तिथे आहे! रोज स्वतःला शिव्या घातल्या, पितळेला घातल्या, धनाजीशी वैर घेतलं. एक शब्द सांगता आला नाही तुला? फसवलंस मला.

"फसवलं," ती म्हणाली.

"का?"

"सांगितलं असतं तर तुमी त्याच्यावर लेख लिव्हला असता आन खुर्चीत बसला असता. हात सुदारला म्हणून." ती पायरीवर टेकली. "लावणीत रोपं लावीत मागं मागं सरकायचं असतं. पुडं बघाय गेलं का लावलेलं तुडवतंय. मान खाली घालून लावीत ऱ्हायचं. मागं किती आलो ते बांधाला टाच लागली का कळतं."

"मी रोप नाही."

"न्हाई. रोप बोलत न्हाई."

हे असलं बोलून ती आत गेली आणि भाकरी टाकायला बसली. मी अंगणात, हातात टेप. माझा राग जायला तयार नाही. जावा असं वाटतही नाही. बरं होणं माझं होतं. ते मला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पुण्यात ठाऊक होतं, म्हशीला ठाऊक होतं.

७ डिसेंबर

आणि तो लेख! आज लक्षात आलं. प्लास्टिक पहिल्या रेघेवरून मारलं, पितळ वेगळ्या रेघेवरून, टंगस्टन तिसऱ्या, आणि पितळ पुन्हा पार मागून. पितळ बिघडलं नव्हतं, अंगण वाढलं होतं. भोर तालुक्यातल्या नवशिक्यांना मी छापील मूर्खपणा विकलाय. थंडीत पितळ आकसून नेम चुकतो म्हणे! एखाद्या पोराने उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर वर्गात उभं केलं असतं.

धनाजीला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे त्याने कुठल्याशा गाडीचं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "म्हंजे माझं बाण चांगलं व्हतं म्हण की."

"होते."

"लेखात लिव्ह."

"लिहीन."

"नाव घालून लिव्ह. दुकानाचं बी. धाब्याचं बी." आणि मग, "वैनीला सांग, धाब्यावरची रेघ आखून द्या म्हणावं. पुण्याची गिऱ्हाइकं लई जवळनं मारत्यात."

११ डिसेंबर

सरूशी अजून कामापुरतंच बोलतो. ती माझ्याशी तेवढंही बोलत नाही. सकाळी रेघ मात्र असते. टेपने मोजली. सरकलेली नाही, वीतभर मागे होती तिथेच थांबलीय.

"आता का थांबलीस?" शेवटी मीच विचारलं.

"आता तुमास्नी कळलंय. आता तुमची तुमी सरकवा."

मग पितळी बाण घेतले. पाच लागले, सहा लागले. खडूएवढेच जाड आहेत हे बाण. इतक्या दिवसांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

१६ डिसेंबर

आज हजर झालो.

सकाळी सडा घालून सरू दाराशी रांगोळी काढत होती. मी म्हटलं, डबा इकडे दे. तिने वर बघितलं आणि दिला. खाली बसायला वेळ लागला. चिमटीत रांगोळी धरणं म्हणजे बाण धरण्यापेक्षा वाईट. बाण एकदा सोडला की सुटला, ही थोडी सोडायची आणि थोडी धरून ठेवायची. भसकन सांडली. पुन्हा घेतली. कालच्या जागेच्या एक बोट मागे रेघ ओढली.

सरू कमरेवर हात ठेवून बघत होती. "वाकडी हाय."

"माझी आहे."

एसटीने भोरला गेलो. शाळेच्या दारात थम्ब मशीन. अंगठा लावला. मशीन म्हणालं, ओळख पटली नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. शिपाई म्हणाला, "सर, अंगठ्याला पांढरं लागलंय. पुसून लावा." मी म्हटलं, पुसणार नाही. हजेरीपुस्तक आण. त्याने मुख्याध्यापकांकडे बघितलं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. मी कुणाकडेच बघितलं नाही. कपाटातून धुळीचं हजेरीपुस्तक आलं आणि मी सही केली. शेवटचं अक्षर रकान्याबाहेर गेलं. जाऊ दे, रकाना लहान होता.

"सर, ग्रंथालय तिकडे," मुख्याध्यापक म्हणाले.

"आधी नववीचा तास आहे माझा."

वर्गात गेलो, खडू घेतला. पोरं इतकी गप्प होती की त्यांना घरून ताकीद मिळाली असावी. फळ्यावर लिहिलं, मोठ्ठं, हळूहळू, एकेक अक्षर स्वतंत्र संसार करत असल्यासारखं: 'मुख्याध्यापकांनी मास्तरांना हलके काम दिले.' खाली लिहिलं: 'या वाक्याचा विरुद्ध अर्थ लिहा.' पूर्णविराम द्यायच्या आत खडू मोडला, पण वाक्य पुरं झालं होतं. मागे वळलो तर पोरं दाराकडे बघत होती. मुख्याध्यापक दारात उभे होते. किती वेळ ते माहीत नाही. पूर्ण वाक्य होईपर्यंत तरी नक्कीच.

हे डाव्याने लिहितोय. उजवा आज दमलाय, त्याला मुद्दाम दमू दिलं.

घरी आलो तेव्हा सरू म्हशीला वैरण टाकत होती. न वळता तिने विचारलं, "फळा कसा झाला?"

"वाकडा."

"वाचाय आला का कुनाला?"

"मुख्याध्यापकांना आला."